कुत्र्याचें दयामरण व त्या वेळचीं लक्षणें

गोठ्यापुढें अथवा मळ्यांतील वस्तीवर ज्यानें दहा-बारा वर्षें रात्रीचा पहारा केला, तें कुत्रें उतारवयांत असाध्य दुखण्यानें खितपत पडतें, तेव्हां पशुवैद्याच्या हातून त्यास वेदनारहित मरण देवविणें हाच पुष्कळदां दयेचा मार्ग उरतो. परंतु ज्यांनीं हा प्रकार पूर्वीं पाहिला नाहीं, त्यांचा त्या वेळच्या लक्षणांविषयीं मोठा गैरसमज होतो, आणि त्याचें फळ पुढच्या जनावरास भोगावें लागतें.

याविषयीं आमचाच अनुभव सांगतों. आमच्या वस्तीवरील कुत्र्याचें मागील धड लुळें पडून जखमांत किडे झाले होते. डॉक्टरांनीं टोचल्यावर तें शांत झालें. पण थोड्या वेळानें त्यानें छाती भरून दोन मोठे श्वास ओढले व पाय झटकले. जीव तडफडत आहे असें आम्हांस वाटलें. डॉक्टरांनीं नळी लावून हृदय थांबल्याचें सांगितलें, तरी आमचा विश्वास बसेना. पुढें दुसरें कुत्रें तसेंच आजारी पडलें, तेव्हां याच धास्तीनें डॉक्टरांस बोलावण्यास आम्हीं तीन आठवडे लावले. तितके दिवस तें मुकें जनावर कण्हत राहिलें, यास आमचें अज्ञानच कारण झालें.

औषधाचें कार्य

या कामीं पेंटोबार्बिटल अथवा थायोपेंटोन अशा जातीचें भूल देणारें औषध मोठ्या मात्रेनें शिरेंत देतात. तें प्रथम मेंदूच्या वरच्या भागावर चढतें व शुद्ध हरपते. नंतर श्वास चालविणारें केंद्र बंद पडतें व शेवटीं हृदय थांबतें. वेदना जाणण्याची शक्ति आधीं जाते, प्राण मागून जातो. हा क्रम ध्यानांत ठेवावा. कारण तेंच लक्षण शुद्धीच्या आधीं दिसलें तर त्याचा अर्थ एक, व नंतर दिसलें तर दुसरा.

शुद्ध हरपण्यापूर्वीं

बहुधा प्रथम स्नायूंत गुंगीची टोचणी देतात. सुई लागतांच कुत्रें एकदां केंकाटतें, तें स्वाभाविक आहे. झायलाझिन दिल्यास थोड्याच वेळांत ओकारी येते. पाय लटपटतात, मान खालीं जाते, जीभ बाहेर लोंबते. या वेळीं त्यास ऐकूं येत असतें, म्हणून ओळखीच्या आवाजानें बोलावें व पाठीवरून हात फिरवावा.

शिरेंत औषध चालू असतां कुत्रें पाय ओढून घेऊं लागलें, टोचल्या जागेकडे वळून पाहूं लागलें किंवा ओरडलें, तर मात्र ती वेदना समजावी. औषध शिरेबाहेर जात असण्याचा तेथें संभव असतो. संकोच न करितां डॉक्टरांस तत्काळ सांगावें; म्हणजे ते दुसरी शीर पाहतील किंवा गुंगी वाढवितील.

शुद्ध हरपल्यानंतर

शुद्ध बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आंत जाते. रक्ताभिसरण मंद झालेल्या म्हाताऱ्या जनावरास अधिक वेळ लागतो. डॉक्टर बुबुळास हलकेंच स्पर्श करून पाहतात. पापणी न हालली तर गुंगी खोल आहे. यापुढें दिसणारीं लक्षणें अशीं :

१. मोठे, तुटक श्वास. हे मेंदूच्या तळच्या भागांतून आपोआप उठतात. त्यांत गुदमरण्याची जाणीव नसते.

२. स्नायूंची थरथर व पायांचे झटके. मज्जातंतूंतील उरलेल्या चेतनेचा हा परिणाम होय.

३. मलमूत्र सुटणें. आवळून धरणारे स्नायू सैल पडतात. भीतीचें हें चिन्ह नव्हे. खालीं गोणपाट अंथरावें.

४. डोळे उघडे राहणें. पापणी मिटण्यासही स्नायूंचें बळ लागतें. ती उघडी नजर आपणांकडे पाहत नसते.

हृदय थांबल्याची खात्री नळी लावून डॉक्टर करतात. तोंवर कोणीं घाई करूं नये. मुलें जवळ असतील तर त्यांस हें सर्व आधींच समजावून सांगावें.

मालकाचीं कर्तव्यें

कुत्रें गेल्या दहा दिवसांत कोणास चावलें असल्यास तें डॉक्टरांस प्रथम सांगावें, कारण पिसाळण्याच्या रोगाचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. चावलेल्या माणसानें मात्र वाट न पाहतां लस घेण्यास दवाखाना गांठावा. विष घालून मारण्याचा विचारही मनांत आणूं नये. हृदयांत स्ट्रिक्निन टोचून अथवा अन्य विनाकारण क्रूर रीतीनें प्राणी मारणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. प्रेत ओढ्यांत किंवा उकिरड्यावर टाकूं नये. औषध मांसांत टिकून राहतें, व तें खाणारीं गिधाडें, कोल्हीं आणि दुसरीं कुत्रीं मरूं शकतात. विहिरीपासून दूर खोल खड्डा घेऊन त्याच दिवशीं पुरावें.

शेवटच्या घटकेस पाठ फिरवून निघून जाण्याकडे आपला कल असतो. परंतु वरील लक्षणांचा अर्थ ज्यास ठाऊक आहे, तो तेथें न डगमगतां बसूं शकतो, आणि खरी वेदना दिसली तर ती थांबवूंही शकतो. ज्यानें आपल्यासाठीं रात्री जागविल्या, त्याच्यासाठीं आपण इतकें शिकून ठेवणें अवघड नाहीं.