शोक, ध्यान आणि घर : थेरीगाथा व जनाबाईंचे अभंग

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. त्यांच्या अभंगांचा विचार वारकरी परंपरेत होतो, तर पाली ‘थेरीगाथे’चा बौद्ध वाङ्मयात. स्त्रियांच्या मुक्तीची गाणी म्हणून या दोहोंची सांगड घालण्याचा मोह सहज होतो. परंतु वियोगाच्या दुःखाला त्यांनी दिलेली उत्तरे एकच आहेत काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

खुद्दकनिकायातील ‘थेरीगाथे’त ७३ रचना आहेत. किसागोतमीची मोहरीच्या दाण्यांची कथा सर्वपरिचित आहे. पण ती अट्ठकथांतून आलेली असून तिच्या मूळ गाथांत मोहरीचा उल्लेखही नाही. त्या गाथांचा आरंभ होतो तो कल्याणमित्राच्या महत्त्वाने. पुढे स्त्रीजन्माची दुःखे येतात आणि पती, दोन पुत्र, माता, पिता व बंधू गमावलेल्या स्त्रीचा आक्रोश येतो. अट्ठकथेनुसार ही कहाणी पटाचारेची. एका स्त्रीच्या मुखी दुसरीचे दुःख यावे, यातच शोकाविषयीचा बौद्ध दृष्टिकोण सूचित होतो : शोक कोणा एकाच्या मालकीचा नाही, हे उमगणे ही त्याच्या शमनाची पहिली पायरी होय.

पटाचारेच्या स्वतःच्या गाथांत मात्र मृतांचा उल्लेख नाही. पाय धुताना पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते, हे ती पाहते. चित्त एकाग्र करते. विहारात जाऊन सुईने दिव्याची वात खाली ओढते आणि दिवा विझताच तिचे चित्त मुक्त होते. येथे ध्यान म्हणजे शोकाचा विसर नव्हे, तर समोर घडणाऱ्या साध्या गोष्टीचे अखंड अवलोकन होय. हीच पटाचारा पुढे पुत्रशोकाने व्याकूळ स्त्रियांना विचारते की, जो आला कोठून व गेला कोठे हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी रडावे का? हा प्रश्न निष्ठुर वाटत नाही, कारण विचारणारी स्वतः सर्वस्व गमावून बसलेली आहे.

जनाबाईंची वाट निराळी. परंपरेनुसार त्या बालपणीच पंढरपुरास नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आल्या आणि ‘नामयाची दासी’ म्हणून आयुष्यभर राबल्या. आईबाप गेल्यावर त्या विठ्ठलालाच मायबाप करतात. मुत्ता थेरी उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा यांपासून सुटल्याचा आनंद गाते. जनाबाईंच्या अभंगांत जाते सुटत नाही, विठ्ठलच दळू लागतो. थेरी नात्याची आसक्ती सोडते. जनाबाई तुटलेल्या नात्याच्या जागी न तुटणारे नाते जोडतात. एकीला संघ मिळतो, दुसरीला घरातच देव भेटतो.

हा भेद केवळ वाङ्मयीन नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यात रुजलेला बौद्ध समाज प्रामुख्याने गृहस्थांचा आहे. येथील शोकाकुल उपासिका जनाबाईंप्रमाणे घरातच राहते. तिला थेरीचा विहार नाही आणि जनाबाईंचा विठ्ठलही नाही. तेव्हा पटाचारेचा उपदेश तिच्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचावा? १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक ग्रंथाच्या प्रास्ताविकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्षूचे प्रयोजन स्वतः परिपूर्ण होणे की समाजसेवा, हा प्रश्न उपस्थित केला आहे. दुःखाच्या घरी त्याला विशेष धार येते. मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदन विधीत त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, अनित्यतेचा बोध केला जातो. परंतु तो बोध करणारा कल्याणमित्र नसेल, तर उरते ते केवळ पाठांतर.

म्हणून ‘थेरीगाथा’ शिकविताना गाथा आणि अट्ठकथा यांतील भेद जपणे आवश्यक ठरते. अट्ठकथेतील मोहरीचा दाणा मृत्यूची सार्वत्रिकता पटवितो. गाथेतील कल्याणमित्र ती सोसण्याचे बळ देतो. दासीपणातही जनाबाईंना एकटेपण उरले नाही, ते विठ्ठलाच्या सोबतीने. थेरींना ती सोबत माणसांनी दिली. बौद्ध उत्तराचे वैशिष्ट्य आणि त्याची जबाबदारी, दोन्ही येथेच आहेत.