वांग्यातले विष कुणासाठी?

भात कापून झाले की मिरजोळ्यात विहिरीच्या पाण्यावर भाजीचे वाफे उठतात. मुळा, लाल माठ, चवळी आणि वांगी. यंदा काकींच्या वांग्यांना अळी लागली. शेंडे माना टाकू लागले. फळ कापावे तर आत भोक!

वर्गात काकींनी विचारले, "बाई, अळी लागत नाही असं वांगं निघालंय म्हणतात. पण ते विषारी असतं. खरं का हो?"

तर मंडळी, हकिकत अशी आहे.

मातीत एक सूक्ष्म जिवाणू असतो. तो एक प्रथिन तयार करतो. काही अळ्यांना ते विष होते. हा गुण त्याच्या जनुकात असतो. जनुक म्हणजे गुणाची चिठ्ठीच समजा. बाळाचे नाक बापासारखे होते, ते अशाच चिठ्ठीमुळे. जालन्याच्या महिको कंपनीने जिवाणूची ही चिठ्ठी वांग्यात घातली. तेच बीटी वांगे. आपल्या शिरगावच्या केंद्रातही भाताच्या नव्या जाती निघतात. पण तिथे भाताचा संकर भाताशीच होतो. इथे जिवाणूचा गुण भाजीत आला. लोक बिचकले ते यामुळे.

अळीच्या पोटातला रस चुन्याच्या निवळीच्या जातीचा असतो. तिथे ते प्रथिन आतड्याला चिकटते आणि भोके पाडते. आपल्या जठरातला रस आंबट. त्यात ते पचून जाते. शिवाय त्याला चिकटायला लागते तशी जागा आपल्या आतड्यात नसते. अळीला विष म्हणून माणसालाही विष, असे होत नाही.

"मग अडलं कुठं?" काकी म्हणाल्या.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या समितीने बीटी वांग्याला मान्यता दिली. फार ओरड झाली. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत सभा घेऊन लोकांचे ऐकले. महाराष्ट्रातली सभा नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी हे वांगे थांबवले. ते घातक ठरले म्हणून नव्हे. चाचण्यांचा भार कंपनीवरच होता. स्वतंत्र आणि जास्त काळाच्या चाचण्या हव्यात, असे त्यांचे म्हणणे. आणि भारत तर वांग्याचे माहेर. परागकण देशी जातींत मिसळले तर काय, हाही प्रश्न होता. ती स्थगिती अजून उठलेली नाही. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ साली परवानगी दिली. तिथल्या पाहणीत फवारणी कमी झालेली दिसली.

"म्हणजे असलं काही आपल्या पोटात जातच नाही?"

जाते की! बीटी कापूस २००२ पासून आहे. त्याच्या सरकीचे तेल फरसाणात असते. पण शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही.

कंपनीने आपल्या मालाची परीक्षा आपणच घ्यावी, हे मलाही पटत नाही. पण वांगे थांबवले म्हणून विष टळले, असेही समजू नका. त्याच अळीसाठी बाजारच्या वांग्यावर पुन्हा पुन्हा औषध मारतात. कधी कधी फवारा मारून दोन दिवस होत नाहीत, तोच माल विकायला येतो. हे विष अळीपुरते थांबत नाही. फवारणाऱ्याच्या नाकातोंडात तेच जाते.

काकींनी दुसऱ्या दिवशी सुकलेले शेंडे खुडून जाळले. किडकी फळे खड्ड्यात पुरली. आता वाफ्यात कामगंध सापळा लावायचा म्हणतात. नर पतंग त्यात अडकतात. सापळा कुठे मिळतो, ते विचारायला त्या बुधवारी कृषी कार्यालयात जाणार आहेत. अर्ज स्वतः लिहिणार आहेत.