मूठ न पिळता स्कूटर का चालली?



गेल्या पावसाळ्यात माझी बिनगिअरची स्कूटर तीन आठवडे अंगणात उभी होती. मग एके सकाळी मी ती सुरू केली आणि मागचा ब्रेक सैल सोडताच ती आपणहून पुढे सरकू लागली. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ तर मी पिळलीच नव्हती! समोर लहान मुले खेळत होती. लगेच ब्रेक दाबला म्हणून बरे. असे का झाले असावे?

गिअरच्या स्कूटरवर चालक हाताने क्लच दाबतो. पण १९८४ साली आलेल्या किनेटिक होंडापासून आजपर्यंतच्या पेट्रोलवर चालणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरना क्लचची मूठच नसते. मग क्लच दाबतो कोण? उत्तर आहे, फिरण्याची गती!

इंजिन पुढची पुली फिरवते आणि बेल्टमुळे मागची पुली फिरते. या पुलीबरोबर एक चकती फिरते. चकतीवर तीन वक्राकार ‘शू’ असतात. प्रत्येक शूचे एक टोक पिनवर बसवलेले असते आणि स्प्रिंग त्याला आत ओढून धरते. शूंच्या भोवती पोलादी वाटी असते. ती दातेरी चाकांनी मागच्या चाकाला जोडलेली असते. चकतीवर बसून पाहिले, तर शूवर बाहेरच्या दिशेने केंद्रोत्सारी बल कार्य करताना दिसते. हे बल स्प्रिंगवर मात करते तेव्हा शू वाटीला घासतात आणि घर्षणामुळे चाक फिरू लागते.

आता थोडे गणित करू. समजा, शूचे वस्तुमान ०.१ किलोग्रॅम, त्रिज्या ०.०५ मीटर आणि चकतीचे मिनिटाला ६०० फेरे आहेत. म्हणजे कोनीय वेग २ × ३.१४ × १० = ६२.८ रेडियन प्रति सेकंद.

बल = वस्तुमान × त्रिज्या × (कोनीय वेग)² = सुमारे २० न्यूटन.

फेरे दुप्पट, म्हणजे १२०० केले, तर बल चौपट, म्हणजे सुमारे ८० न्यूटन होते. स्प्रिंग ४० न्यूटनची असेल, तर ६०० फेऱ्यांना शू आत राहतील आणि १२०० फेऱ्यांना घट्ट बसतील. पण ९०० फेऱ्यांना काय होईल? बल सव्वादोनपट, म्हणजे ४५ न्यूटन! म्हणजे क्लच निर्दोष असूनही, मूठ न पिळता इंजिन जास्त वेगाने फिरत असेल, तर गाडी सरकेल. म्हणून आधी इंजिनाचा हा वेग तपासावा, पेटी नंतर उघडावी.

माझ्या स्कूटरचा हा वेग ठीक होता. मिस्त्रींनी पेटी उघडली, तेव्हा दमट हवेने पिनांवर गंज चढलेला दिसला. शू एकदा बाहेर गेला की पिनवर अडकून बसे; स्प्रिंगला तो आत ओढता येईना. मिस्त्रींनी शू काढले, पिना बारीक पॉलिश पेपरने घासल्या, वाटी आतून पुसली आणि तिन्ही स्प्रिंगा एकदम बदलल्या. एकच सैल राहिली, तर तो शू इतरांच्या आधी वाटीला लागतो आणि गाडी धक्के देते. पिनांना उष्णता सोसणारे ग्रीस अगदी पुसटसे लावले. ते जास्त झाले, तर तेच केंद्रोत्सारी बल त्याला लायनरवर उडवते आणि घर्षण नाहीसे होते!

ही पेटी मात्र तुम्ही घरी उघडू नका. पुलीमागे दाबून बसवलेली मोठी स्प्रिंग असते. मधला नट योग्य हत्याराशिवाय सोडवला, तर ती उसळून इजा करते. लायनरची धूळही फुंकू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

तुम्ही करू शकाल अशी एक परीक्षा सांगतो. वडीलधाऱ्यांना स्कूटर मधल्या स्टँडवर लावून, मूठ न पिळता सुरू करायला सांगा. तुम्ही दूर उभे राहून पाहा. मागचे चाक हळू फिरले आणि हलक्या ब्रेकने निमूट थांबले, तर काळजी नको. ब्रेक लावताच इंजिन कण्हू लागले किंवा बंद पडले, तर शू अडकले असावेत. मग मिस्त्रींकडे जाणेच शहाणपणाचे. आणि स्कूटर सुरू करताना ब्रेक का दाबून धरायचा, हे आता तुम्हीच घरात समजावून सांगा!