प्रेअरीवरील जांभळ्या फुलाची ओळख

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदानांस ‘प्रेअरी’ म्हणतात. ‘एकिनेशिया’ हे तेथील मूळचे जांभळट रानफूल. आपल्या झेंडू-शेवंतीप्रमाणेच ते सूर्यफुलाच्या कुळातले. वरवर एक दिसणारे हे फूल वास्तविक अनेक चिमुकल्या फुलांचा मेळावा होय. मधल्या काटेरी उंचवट्यामुळे मेंख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ साली त्यास हे ग्रीक वळणाचे नाव दिले.

केवळ रंगावरून जात ठरवू नये. खुणा अशा:

(१) पर्प्युरिया : पाने रुंद, कडा बहुधा दातेरी.

(२) पॅलिडा : पाने अरुंद, कडा सरळ, पाकळ्या लोंबत्या, ४ ते ९ सें.मी.; पराग बहुधा पांढरे.

(३) अँगुस्टिफोलिया : पाने अरुंदच, पाकळ्या आखूड, बहुधा ४ सें.मी.च्या आत, पराग पिवळे.

पहिलीची मुळे तंतुमय, इतर दोहोंस सोटमूळ.

तेथील आदिवासी जमाती हे मूळ औषधात वापरीत आल्या. पुढे त्यास बाजारात मागणी आली, आणि रानातील झाडे खणली जाऊ लागली. प्रेअरीचा मोठा भाग तर आधीच नांगराखाली गेलेला! म्हणून जिज्ञासूने पान, पाकळी व पराग पाहावेत. ओळखीसाठी मूळ उपटण्याचे कारण नाही.