पाच मैलांच्या आतले घर

घर बांधून झाले, दारावर तोरण चढले, म्हणजे घराचा खर्च संपला असे आपण समजतो. परंतु खर्च केवळ पैशांचाच असतो काय? विटा भाजण्यासाठी भट्टीत इंधन जळते. सिमेंट तयार करताना चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. त्या वेळी इंधनाप्रमाणेच चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड वायू निघून हवेत मिसळतो. घर उभे राहिले की दिव्यापंख्यांना वर्षानुवर्षे वीज लागते. शेवटी ते पाडले की राडारोड्याचा ढीग उरतो.

हा सारा खर्च कमी कसा होईल, याचा विचार लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञांनी जन्मभर केला. १९१७ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमध्ये रुग्णसेवा करून मायदेशी परतताना ते बोटीची वाट पाहत मुंबईत थांबले होते. तेथे त्यांना गांधीजी भेटले. आदर्श घराचे सर्व साहित्य घरापासून पाच मैलांच्या, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरच्या आत मिळावे, असे गांधीजींचे मत होते. तरुण बेकरांना ते तेव्हा पटले नाही.

पुढे ते हिमालयातील पिथोरागड येथे कित्येक वर्षे राहिले. तेथील साध्या माणसांनी जवळच्याच दगडामातीने बांधलेली घरे थंडीवाऱ्यात ऊब देत. जे विद्यालयात शिकले नव्हते, ते बेकर या घरांपासून शिकले.

नंतर ते केरळात स्थायिक झाले. तेथे ते विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचीत. त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राही, सुमारे चौथा हिस्सा विटा वाचत आणि बाहेरचा ताप आत सहज शिरत नसे. छताच्या खालच्या भागातील काँक्रीट भार पेलण्यास फारसे उपयोगी पडत नाही. तेथे ते कौले बसवून सिमेंट वाचवीत. खिडकीऐवजी विटांची जाळी ठेवीत, म्हणजे वारा आपोआप खेळे. पाडलेल्या घरांची दारे-खिडक्याही ते पुन्हा वापरीत. तिरुवनंतपुरम येथील ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ या संस्थेच्या इमारती त्यांच्या या कौशल्याची साक्ष देतात.

चाळीस वर्षे घरे बांधल्यावर त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की गांधीजींचे म्हणणे अक्षरशः खरे होते. २००७ साली बेकर निवर्तले.

मुलांनो, घर आपले असते. पण त्यासाठी खोदलेली माती, जाळलेले इंधन आणि दूषित झालेली हवा साऱ्यांची असते. हे ज्याला उमगले, तोच खरा घर बांधणारा.

स्वाध्याय
१. घर बांधून झाल्यावरही त्याचा खर्च का संपत नाही?
२. विटा कडेवर उभ्या रचल्याने कोणते दोन लाभ होतात?
३. तुमच्या गावातील एखादे जुने घर पाहा. त्याचे दगड, माती व लाकूड कोठून आणले होते, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.