उच्च शिक्षणात मेघसेवा : सोय आणि सावधानता

महाविद्यालयाच्या कार्यालयातील लोखंडी कपाटांत विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांची नोंद जपलेली असते. हजेरीपट, गुणपत्रके, दाखले यांची ही कपाटे आता हळूहळू दूरच्या संगणकांत स्थलांतरित होत आहेत. या व्यवस्थेस ‘क्लाउड’ असे नाव असून मराठीत तिला मेघसेवा म्हणता येईल. नावात मेघ असला तरी ही सेवा जमिनीवरच असते. अखंड वीज आणि शीतकरण यांची सोय असलेल्या मोठ्या इमारतींतील हजारो संगणक ती पुरवीत असतात.

मेघसेवा म्हणजे काय?

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ साली या सेवेची पाच लक्षणे सांगितली. हवी तेव्हा स्वतःच घेता यावी, कोणत्याही साध्या उपकरणातून मिळावी, साधने अनेकांत सामाईक असावीत, गरजेप्रमाणे ती वाढावीत व घटावीत आणि वापराचे मोजमाप व्हावे, ही ती लक्षणे होत. पेरणीच्या दिवसांत शेतकरी ट्रॅक्टर भाड्याने घेतो. चार दिवसांच्या कामासाठी तो विकत घेऊन वर्षभर दारात उभा ठेवीत नाही. निकालाच्या दिवशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एकाच वेळी हजारो विद्यार्थी येतात आणि एरवी तेथे शुकशुकाट असतो. अशा कामासाठी हीच रीत सोयीची ठरते.

वेब ॲप हे या सेवेचे दर्शनी दार होय. ते ब्राउझरमध्येच चालत असल्याने वेगळी आज्ञावली बसवावी लागत नाही. आकडेमोडीचे अवजड काम दूरच्या संगणकावर होते व विद्यार्थ्याच्या पडद्यावर केवळ उत्तर येते. त्यामुळे जुना संगणक किंवा साधा भ्रमणध्वनी असलेल्या विद्यार्थ्यासही सांख्यिकीचा वा प्रोग्रॅमिंगचा सराव करता येतो. मात्र त्यासाठी इंटरनेटची जोडणी अखंड हवी.

आपल्या देशातील सोयी

केंद्र शासनाचा ‘स्वयम्’ हा अभ्यासक्रमांचा मंच २०१७ पासून खुला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार विद्यापीठांना एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मंचावरून पूर्ण करण्याची मुभा देता येते. एखाद्या विषयाचा प्राध्यापक उपलब्ध नसलेल्या लहान महाविद्यालयास हा मोठा आधार आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुक्त संगणक प्रणालींचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात.

२०१५ साली सुरू झालेल्या ‘डिजिलॉकर’मध्ये संबंधित संस्थेने दिलेली प्रमाणपत्रे साठविता येतात व नियमानुसार ती मूळ प्रतीसमान मानली जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत पुराचे पाणी घराघरांत शिरले. अशा प्रसंगी प्रमाणपत्राची प्रत अन्यत्र सुरक्षित असणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

एक धडा

तथापि, दुसऱ्याच्या गोदामात माल ठेवताना गोदामाचे नियम बदलू शकतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. गूगल कंपनी शैक्षणिक संस्थांना अमर्याद साठवणूक विनामूल्य देत असे. ही सवलत संपणार असल्याचे कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले आणि जुलै २०२२ पासून पूर्वीच्या संस्थांसाठी एकूण १०० टेराबाइट ही मूळ मर्यादा लागू झाली. लहान महाविद्यालयास एवढी जागा पुष्कळ आहे. परंतु वर्षानुवर्षे व्याख्यानांच्या चित्रफिती साठविणाऱ्या मोठ्या विद्यापीठांना आवराआवर करणे भाग पडले. विनामूल्य सेवा म्हणजे कायमचा हक्क नव्हे, हा यातील बोध होय.

दुसरा प्रश्न विद्यार्थ्यांच्या खाजगी माहितीचा आहे. संसदेने २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा संमत केला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी या वयोगटातच मोडतात.

करार करण्यापूर्वी

म्हणून कोणतीही सेवा स्वीकारण्यापूर्वी प्राचार्य व व्यवस्थापन यांनी चार प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. माहिती कोठे साठविली जाते व ती कोण पाहू शकतो? सेवा सोडावयाची झाल्यास सर्व माहिती कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळेल? मर्यादा ओलांडल्यास खर्च किती येईल? मुख्य खात्याचा ताबा कोणाकडे राहील? शेवटच्या प्रश्नाकडे बहुधा दुर्लक्ष होते. हे खाते एखाद्या कर्मचाऱ्याच्या खाजगी क्रमांकाशी जोडलेले असेल, तर त्याच्या बदलीनंतर संस्थेस आपल्याच दप्तराचे दार बंद होते. खाते पदाच्या नावे असावे, अधिकार दोघांकडे असावेत आणि महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत ठरावीक मुदतीने स्वतंत्र ठिकाणी काढून ठेवावी. ती प्रत खरोखर उघडते काय, हेही पाहावे.

ग्रामपंचायतींचा सहभागही येथे महत्त्वाचा आहे. जेथे ‘भारतनेट’ची जोडणी पोहोचली आहे व चालू आहे, तेथे पंचायतीच्या वाचनालयात सायंकाळी दोन संगणक विद्यार्थ्यांसाठी खुले ठेवता येतील. घरी इंटरनेट नसलेल्या मुलीस परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी तालुक्याला हेलपाटा घालावा लागू नये, एवढे साधले तरी या सेवेचा लाभ गावापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.