हाडं शोधताना हाती लागेल ते

पोरी, प्रवरा-गोदावरीच्या काठाने अश्मीभूत हाडं शोधायला निघालीस, तर एक गोष्ट आधी कानात घालून ठेव. हाड सोडून दुसरंच काही दिसलं, तर लगेच हात घालू नकोस. आधी जागा बघ. वस्तू गोट्यांच्या थरात आहे की वरच्या पिवळ्या गाळात? थरात रुतलेली आहे की वरून घरंगळून आली आहे? पात्रापासून किती उंचावर आहे? फोटो काढताना शेजारी रुपयाचं नाणं ठेव आणि मग मागे सरून अख्ख्या दरडीचा एक फोटो घे. मोबाइलमध्ये लोकेशन जतन करशीलच, तरी वहीतही लिही, आणि पेन्सिलीनेच लिही. शाई पाण्याने फुटते.

एवढा आग्रह का, ते सांगतो. १८६५च्या सुमारास भूवैज्ञानिक वाइन पैठणजवळ मुंगीला गोदावरीच्या थरांची पाहणी करत होते. तिथल्या हाडं असलेल्या थरातच त्यांना अकीकाचा एक छिलका मिळाला, माणसाच्या हाताने काढलेला. आज नामशेष झालेली जनावरं या काठावर फिरत होती तेव्हा माणूसही इथे होता, याची खूण त्या एवढ्याशा दगडात होती. तोच छिलका नुसता वाळूत सापडला असता, तर एक सुंदर दगड यापलीकडे त्याबद्दल काही बोलता आलं नसतं.

याची दुसरी बाजू बघायची तर दायमाबाद. १९७४ साली तिथे एका गावकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ओतीव मूर्ती मिळाल्या: बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा असलेला माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. भारतातल्या प्राचीन धातुकामातला हा ठेवा असामान्य आहे. पण मूर्ती रीतसर उत्खननात, थरातून निघालेल्या नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल वाद झाला. मधुकर ढवळीकरांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, तर डी. पी. अग्रवालांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्याबद्दल शंका घेतली. ज्याला त्या सापडल्या त्याचा यात काडीचा दोष नाही. तो मूळ काढायला गेला होता. तू शोधायलाच निघाली आहेस, म्हणून तुझ्यावर जबाबदारी जास्त आहे.

आता फसवणाऱ्या वस्तूंबद्दल. आपल्या नदीकाठी सर्वांत जास्त फसवतात ते कंकर, म्हणजे गाळात तयार झालेले चुन्याचे गोळे. त्यांना गाठी असतात, फाटे असतात, लांबून हुबेहूब हाड वाटतं. लिंबू पिळून फेस येतो का, यावर विसंबू नकोस, कारण खऱ्या हाडावरही बऱ्याचदा चुन्याचा थर चढलेला असतो. तुटलेली बाजू धुऊन भिंगाखाली धर. हाडाच्या आत बारीक पोकळ्यांची जाळी दिसते, कंकर आतून भरीव किंवा रवाळ असतो. जीभ लावून पाहायची जुनी रीत तुला कुणीतरी सांगेल. आजच्या नद्यांच्या काठी ती नको. दगडाच्या भेगेत काळ्या नाजूक फांद्या दिसल्या, तर त्या वनस्पतीचा ठसा समजून हरखू नकोस. मँगनीजचं पाणी भेगेतून पसरलं की अशी नक्षी उमटते. पानाला कड असते, मधली शीर असते, या नक्षीला दोन्ही नसतात.

पांढरट, जराशा वक्र टवक्यांकडे मात्र नीट बघ. शिंपल्याचा तुकडा असेल तर आत चमक दिसते. चमक नसेल आणि जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास भरत असेल, तर ते शहामृगाच्या अंड्याचं कवच असू शकतं. आपल्याकडे शहामृग होते, हे ऐकून अजून लोक चकित होतात. चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे शं. अ. साळी यांना अशा कवचाचा तुकडा मिळाला, त्यावर आडव्यातिडव्या रेषा कोरलेल्या आहेत. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून त्या कोरल्या. म्हणून असा टवका मिळाला, की घासून स्वच्छ करायचा मोह आवर. कापसात गुंडाळ आणि डबीत ठेव.

कुकडीकाठी बोरीला गेलीस, तर दरडीत राखट-पांढरा, अगदी बारीक थर दिसेल. चिमटीत घेतला तर पिठूळ लागतो. तो चुना नाही, ज्वालामुखीची राख आहे. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी तिचं नातं जोडतात. काही अभ्यासकांच्या मते ती पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची, तर काहींच्या मते साडेसहा लाखांहूनही जुनी. तिथल्या थरांत दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत, त्यामुळे हा वाद लवकर मिटायचा नाही. राखेच्या खाली आहे की वर, हे न लिहिता उचललेली हातकुऱ्हाड त्या वादात कुणाच्याच कामाची नाही.

खापरं तर पावलोपावली भेटतील. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ओळखली जाणारी लाल, काळ्या रेषांच्या नक्षीची खापरं हातात घेऊन नखाने वाजवून बघ. भाजणी इतकी पक्की, की आवाज खणखणीत येतो. तीन हजारांहून जास्त वर्षं झाली तरी तो आवाज तसाच आहे, आणि मला तरी हाडापेक्षा त्याचाच आनंद जास्त होतो. पण दरडीत दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावलेली दिसली, तर बोटही लावू नकोस. त्या काळचे लोक दगावलेल्या लेकरांना अशा जोडमडक्यांत घराच्या जमिनीखाली पुरत. घोडनदीकाठी इनामगावच्या उत्खननात अशी कितीतरी दफनं निघाली. फोटो घे आणि डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळव. हाडं माणसाची आणि ताजी वाटली, तर गावच्या पोलीस पाटलाला आधी गाठ. नाणी आणि दागिन्यांसाठी १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. विसर्जित मूर्ती, वीरगळ, शेंदूर लावलेला दगड यांना हलवू नकोस. ते गावाचे आहेत.

काळा, जड दगड लोहचुंबकाला ओढला गेला, की लोक त्याला उल्का म्हणतात. आपला काळा पाषाणसुद्धा थोडा ओढला जातो, आणि जुन्या भट्ट्यांचं लोखंडाचं कीट तर हमखास. कीटाला बुडबुड्यांची भोकं असतात, उल्केला सहसा नसतात. वरती पातळ, काळी, भाजल्यासारखी साल आणि आत फिकट, दाणेदार दगड असेल, तर मात्र भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळव. २२ मे २०१२ रोजी नागपूरजवळ काटोलला खरोखरच उल्का पडल्या होत्या.

विदर्भात गेलीस, तर वरोरा तालुक्यातलं पिसदुरा चुकवू नकोस. शेतात शेणाच्या आकाराचे दगड मिळतील. ती डायनोसॉरच्या काळातली अश्मीभूत विष्ठाच आहे. तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचं २००५ साली जाहीर झालं, आणि गवत डायनोसॉरच्या काळातच होतं की नंतर आलं, या प्रश्नाचं उत्तर बदललं. शेतमालकाला विचारल्याशिवाय मात्र बांध ओलांडू नकोस.

राहुरी-पारनेरच्या बाजूला लष्कराची के. के. रेंज आहे. तिथे किंवा कुठल्याही गोळीबार क्षेत्राच्या आसपास गंजलेला लोखंडी नळा मातीतून डोकावत असेल, तर फोटोसाठीही जवळ जायचं नाही. आलीस त्याच वाटेने मागे फिर आणि ११२ला फोन लाव. भंगार म्हणून गोळे उचलणाऱ्यांचे जीव गेले आहेत.

राहिलं पाणी. पिसदुऱ्याच्या हाडांकडे पहिल्यांदा लक्ष वेधणाऱ्यांतले स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने नागपूरचं कॉलेज आहे, ते ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडाले. भाद्रपदात कुठल्याही पात्रात उतरू नकोस. वाळूउपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, आणि भिजलेली दरड पायाखालून निसटते. पाणी चढायला लागलं, की वस्तू अर्धी उकरलेली असली तरी सोडून वर ये. फोटो आणि लोकेशन तुझ्याकडे आहेच. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की परत जा, आणि दरड ढासळलेली असेल तर खालच्या ढिगाऱ्यापासून सुरुवात कर.